दुसरी घागर

आखाजीच्या दिवशी मला कुणी काम सांगितलं की माझं डोकं फिरतं. बाकीच्या महाराष्ट्रात या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सराफाच्या दुकानात गर्दी करतात. आमच्या खानदेशात ती आखाजी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पुरुष मंडळी ओट्यावर पत्ते कुटत बसतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. माझं माहेर अमळनेरचं, सासर फैजपूरचं आणि संसार जळगावात. डोक्याचे केस पांढरे झाले, सुना आल्या, तरी आखाजीला अमळनेरला जायचं म्हटलं की माझी पिशवी आठवडाभर आधी भरून दाराशी असते. नवरा चिडवतो, "पळून चाललीस का काय?"

त्या वर्षीही पिशवी भरलेली होती आणि भाच्याचा फोन आला.

हा भाचा परदेशात असतो. तिथले लोक उन्हाळासुद्धा स्वेटर घालून काढतात म्हणे. तिथल्या काही भल्या माणसांनी मिळून धुळ्याच्या पुढे, साक्रीच्या बाजूला, अनाथ मुलांचं एक वसतिगृह उभं केलं आहे. मदत ते तिकडून पाठवतात, चालवतात इथलेच लोक. त्या मंडळातली एक वयस्कर बाई पहिल्यांदाच मुलांना भेटायला येणार होती आणि तिला दुभाषी हवी होती. "आत्या, तू जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलंस. एका दिवसाचा तर प्रश्न आहे," भाचा म्हणाला. मी विचारलं, "दिवस कुठला?" त्याने तारीख सांगितली. मी कॅलेंडर बघितलं आणि त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

पण गेले. भाचा लाडका आहे, हे त्यालाही माहीत आहे.

सकाळी जळगावच्या हॉटेलातून पाहुणीबाईंना घेतलं. उंच, पांढरे आखूड केस, अंगात मुंबईत घेतलेला सुती कुर्ता. त्याचं लेबल मानेजवळ बाहेर आलं होतं, ते मी गाडीत बसल्या बसल्या आत सारलं. त्यांनी आभार मानले. मग पाण्याच्या बाटलीसाठी आभार मानले, खिडकीची काच वर केली त्याचे मानले, ड्रायव्हरने हॉर्न कमी वाजवला त्याचेही मानले. एरंडोल येईपर्यंत मी थकले. पण बाई मनाच्या खऱ्या होत्या. त्यांनी एकेका मुलाचा फोटो फोनमध्ये ठेवला होता आणि एकेकाबद्दल त्या मला सांगत होत्या. याला गणित आवडतं, हा रात्री दचकून उठायचा, आता नाही उठत. एका मुलीच्या फोटोवर त्या जास्त वेळ थांबल्या. आठेक वर्षांची, दोन वेण्या, कॅमेऱ्याकडे बघून न हसलेली. तिच्या शिक्षणाचं या बाई स्वतः बघत होत्या. "हिचं कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "आई नाही, वडील नाहीत. मी हिला दर महिन्याला चित्र पाठवते."

पारोळ्याला अमळनेरचा फाटा दिसला. मी मान दुसरीकडे फिरवली.

धुळ्यानंतर ऊन असं काही चढलं की रस्ता बघवेना. कपाशीची शेतं मोकळी पडलेली, कुठे नांगरट झालेली. वसतिगृह रस्त्यापासून आत होतं. पत्र्याची बैठी इमारत, पुढे स्वच्छ अंगण, कडुलिंबाची तीन-चार झाडं आणि त्यांना झोके बांधलेले. ते झोके बघून माझा राग थोडा उतरला. म्हटलं, इथल्या माणसाला आखाजी कळते.

तो माणूस दारातच उभा होता. पन्नाशीचा, पांढरा सदरा, घामाने डबडबलेला. सगळी मुलं त्याला भाऊ म्हणत होती, म्हणून मीही भाऊच म्हटलं. चालवणारा तोच. बोलायला चांगला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवायची सवय असलेला. मुलंही त्याला बिलगत होती आणि ते खोटं वाटत नव्हतं. सातवी-आठवीच्या पोरींनी आम्हाला ओवाळलं. आतून एका बाईने चहा आणून दिला. सडपातळ, डोक्यावर पदर, हातात काचेच्या दोन बांगड्या. पाहुणीबाईंनी तिचेही आभार मानले. तिने नुसती मान हलवली आणि कप रिकामे होईपर्यंत दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ती इथे स्वयंपाक करते, असं भाऊंनी सांगितलं. मुलं तिला मावशी म्हणत होती.

मग भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आज त्यांच्यासाठी खास कार्यक्रम ठेवला आहे. तिकडचे लोक मागे एकदा फोनवर विचारत होते, ही मुलं आपल्या आईवडिलांची आठवण कशी काढतात? म्हटलं, आखाजीच आहे. आपली पद्धत दाखवू."

ही पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आखाजी जशी लेकींची, तशी पितरांचीही. घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्या नावाने त्या दिवशी मातीची कोरी घागर पाण्याने भरतात. तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज नाहीतर आंबा, सोबत सांजोरी. निखाऱ्यावर तूप आणि घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. आणि गेलेल्याच्या जागी एका माणसाला जेवायला बसवायचं. बाई गेली असेल तर बाई, पुरुष गेला असेल तर पुरुष. त्याला पित्तर म्हणतात. तो पित्तर पोटभर जेवून उठल्याशिवाय घरातलं कुणी घास तोंडात घालत नाही. गेलेल्या जीवाला उन्हाळ्यात तहान लागते, म्हणून हे पाणी. आमच्या घरी माझ्या सासूसासऱ्यांच्या घागरी त्याच सकाळी नवऱ्याने आणि सुनेने भरल्या होत्या. मी निघताना नवरा मडकी पुसत बसला होता.

अंगणात सारवलेल्या जागेवर घागरींची रांग मांडली होती. लाल, कोऱ्या, गळ्याला हळदीकुंकू. शेजारच्या वस्तीतली काही माणसं आणि बाया पित्तर म्हणून जेवायला बोलावली होती, ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. केळीच्या पानांवर वाढायची तयारी होती. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, कटाची तिखट रशी. वासानेच भूक लागली. मी पाहुणीबाईंना सगळं समजावून सांगत होते आणि त्या "किती सुंदर, किती सुंदर" म्हणत फोनवर चित्रीकरण करत होत्या. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटत होतं. ज्या मुलांना घर नाही त्यांना कुणीतरी घरची रीत जपू देतंय, असं वाटलं.

एकेक मूल पुढे येत होतं. तांब्याने घागर भरायची, फळ ठेवायचं, आगारीत घास टाकायचा, नमस्कार करायचा. भाऊ हळूच सांगत होते, "ही बाबांची. ही आईची." एका मोठ्या मुलाने सगळं न चुकता केलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाहुणीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

मग फोटोतली ती दोन वेण्यांची मुलगी आली.

पहिली घागर तिने नीट भरली. पाणी अगदी काठाला आलं तेव्हा थांबली. आंबा ठेवला, तो घसरला, पुन्हा ठेवला आणि हाताने जागा करून बसवला. सांजोरी ठेवली. आगारीत तूप सोडलं. मोठ्या माणसासारखं सगळं. "ही बाबांची," भाऊ म्हणाले.

मग ती दुसऱ्या घागरीसमोर आली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे धरले.

"घे बेटा, तांब्या घे. आईची घागर," भाऊ म्हणाले. ती हलली नाही. भाऊंनी तांब्या तिच्यापुढे धरला. तिने हात आणखी घट्ट धरले. पाहुणीबाईंनी मला विचारलं, काय झालं? भाऊ पटकन म्हणाले, "मॅडम, सांगा त्यांना, आईच्या आठवणीने भरून आलंय तिला." मी तसं सांगितलं. मला तरी दुसरं काय वाटणार होतं? पाहुणीबाई खाली बसल्या आणि फोन थोडा जवळ नेला.

मी मुलीजवळ जाऊन उकिडवी बसले. लहानपणी अमळनेरच्या गल्लीत बोलत होते ती बोली तोंडात आली. म्हटलं, "काय झायं वं माय? घाबरी गयी का?"

तिने माझ्याकडे बघितलं. आपल्या भाषेत कुणी विचारलं म्हणूनच असेल, ती बोलली. मोठ्याने नाही, पण स्वच्छ.

"मन्ही माय जित्ती शे. मी पानी टाकं त ती मरी जाई."

आई जिवंत आहे आणि मी पाणी घातलं तर ती मरेल. मला वाटलं, पोरगी मनाची समजूत घालते आहे, गेलेल्या आईला जिवंत धरून बसली आहे. असं होतं मुलांचं. मी विचारलं, "कोठे शे तुन्ही माय?"

तिने हनुवटीने दाखवलं.

स्वयंपाकघराच्या दारात ती चहावाली बाई उभी होती. हातात निखाऱ्यांची पाटी. आगारीसाठी नवे निखारे घेऊन निघालेली आणि मध्येच थांबलेली. तिचा चेहरा मी बघितला आणि मला दुसऱ्या कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. ती पोरीकडे बघून मान हलवत होती. नाही म्हणून नव्हे. टाक, टाक, टाक पाणी, असं.

मी तिथेच जमिनीवर बसले. सकाळपासून त्या बाईच्या हातचा चहा मी दोनदा प्यायले होते. तिने सकाळी उठून या सांजोऱ्या तळल्या होत्या, पुरण वाटलं होतं, खापर तापवलं होतं, ते सगळं स्वतःच्याच नावाच्या पित्तरासाठी होतं. आणि तिची लेक तिला दिवसभर मावशी म्हणून हाक मारत होती. आजच नाही, रोज.

भाऊ माझ्याजवळ वाकले. चेहरा पांढराफटक. "मॅडम, हे आत्ता सांगू नका. पाया पडतो. मी तुम्हाला सगळं समजावतो नंतर."

माझा स्वभाव वाईट आहे, असं माझी भावंडं म्हणतात. असेल. मी उठले आणि पाहुणीबाईंना इंग्रजीत सरळ सांगितलं, की हिची आई जिवंत आहे, ती तिथे दारात उभी आहे, सकाळी तुम्हाला चहा तिनेच दिला. आणि या घागरीत पाणी घातलं तर आई खरोखर मरेल, अशी या मुलीला भीती वाटते आहे.

त्यांना आधी कळलंच नाही. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग फोन बंद करून पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली आणि तशाच सारवलेल्या जमिनीवर बसून राहिल्या. "पण मी तिचे आभार मानले," त्या म्हणाल्या. "मी तिला विचारलंसुद्धा नाही, तुम्हाला मुलं आहेत का."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माझी नजर त्या घागरींच्या रांगेवर गेली. यातल्या खऱ्या किती? मी भाऊंना तेच विचारलं, सगळ्यांसमोर. ते हात जोडून म्हणाले, "ही एकच. माझ्या पोराची शपथ घेतो. बाकी बठ्ठी लेकरं खरीच पोरकी शेतस." घाबरल्यावर त्यांच्याही तोंडात घरची बोली आली होती. त्यांचं खरं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मुलीचा बाप विहिरीचं काम करताना ढिगाऱ्याखाली गेला. सासरच्यांनी बाईला ठेवून घेतलं नाही. ती पोरीला कडेवर घेऊन या दारात आली. इथला नियम असा की आईबाप दोन्ही नसतील तेच मूल घ्यायचं, आणि तो नियम तिकडच्या मंडळाचा. भाऊंना तिला परत पाठववेना. "मी तिला म्हटलं, पोरीला घेतो, शाळेत घालतो, तुलाही चुलीपाशी काम देतो. फक्त कुणासमोर आई म्हणायचं नाही. ती हो म्हणाली. मी काय वाईट केलं मॅडम? नाहीतर आज ही पोर वीटभट्टीवर असती."

"ते वाईट केलं असं मी म्हणत नाही," मी म्हटलं. "पण भाऊ, तुम्ही खानदेशातले ना? जित्या माणसाची घागर मांडताना तुमचा हात धजला कसा?"

ते तोंडावरचा घाम पुसत म्हणाले, "बाकीच्या सगळ्यांच्या दोन-दोन मांडल्या होत्या. हिची एकच ठेवली असती तर पाहुण्यांनी विचारलं असतं." मला त्यांचा संताप आला, आणि दया पण आली. हा माणूस खोटं निभावता निभावता इतका पुढे गेला होता की कुठे थांबायचं हे त्याला दिसलंच नाही.

एवढ्यात ती बाई आमच्यापाशी आली. निखारे खाली ठेवले. तिने भाऊंकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं नाही. तिने पाहुणीबाईंकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "अक्का, तिले इचारा. मी जित्ती शे आसं ठरनं, त मन्ही पोरले आठून काढतीन का?"

मी जिवंत ठरले, तर माझ्या पोरीला इथून काढतील का. असा प्रश्न एखादी आई विचारू शकते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. दोनदा थांबून मी ते वाक्य इंग्रजीत पुरं केलं.

पाहुणीबाईंनी आधी तिच्याकडे, मग मुलीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मी मनात म्हणत होते, बाई, नाही म्हणा. नुसतं नाही म्हणा. शेवटी त्या म्हणाल्या, "हे मी एकटी ठरवू शकत नाही. मला मंडळातल्या इतरांना विचारावं लागेल. खोटं आश्वासन मला द्यायचं नाही."

जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं सांगितलं. बाईने मान हलवली. तिला जणू हेच ऐकायचं होतं, किंवा याहून वेगळं काही ऐकायची सवय नव्हती. ती वळली, तांब्या उचलला आणि लेकीचा हात पाठीमागून सोडवून पुढे आणला. तो हात आपल्या हातात धरून तिने तांब्या वाकडा केला. पोर ओरडली. "नही माय, नही!" अंगणात सगळ्यांसमोर पहिल्यांदा ती तिला माय म्हणाली. पाणी घागरीत पडत राहिलं.

"रडू नको," आई म्हणाली. "काहीच व्हत नही."

पडवीत पित्तर म्हणून आलेल्या बायांपैकी जिला या मुलीच्या आईच्या नावाने जेवायला बसायचं होतं, ती केव्हाच उठून उभी राहिली होती. "माले नही बसनं आठे," म्हणून ती मागे सरकली. तिचं पान तसंच होतं. मुलीची आई पुढे झाली आणि त्या पानावर बसली. पदर सारखा केला. लेकीला म्हणाली, "वाढ."

मी धावत गेले. म्हटलं, "ऊठ बाई, असं नको करू." तिने मला हाताने बाजूला केलं. कुणीच काही करू शकलं नाही. भाऊ खांबाला धरून उभे होते. पोरीने रडत रडत पुरणपोळी वाढली, रस वाढला, तूप सोडलं, आणि बाईने घास घेतला. एकेक करून सगळं जेवली. भरभर नाही, सावकाशही नाही, रोज जेवावं तशी. पानावर कण उरला नाही. मग उठून हात धुतले आणि ते पान उचलून नेलं.

माझ्या घशाखाली त्या दिवशी काही उतरलं नाही. पाहुणीबाईंच्याही नाही.

परतताना गाडी धुळ्याच्या बाहेर, वळणरस्त्यावर आली तेव्हा पाहुणीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या मुलीला कुणीही काढणार नाही. मला खात्री आहे. आमची माणसं तशी नाहीत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "खात्री आहे?"

"हो."

"मग हे तिथे का नाही बोललात?"

"मला एकटीला तो अधिकार नव्हता," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे जे हातात नाही ते देतो म्हणत नाहीत."

आयुष्यभर वर्गात मी कुणावर ओरडले नसेन तेवढी त्या गाडीत ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की म्हटलं, तुमचा खरेपणा ठेवा तुमच्यापाशी, त्या बाईने तुमच्यासमोर स्वतःचं पित्तर जेवलं. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून उन्हात उभा राहिला. पाहुणीबाई आधी दुखावल्या, मग लाल झाल्या, मग त्यांनी पिशवीची चेन उघडून फोन काढला. तिकडे तेव्हा सकाळ होती. एकाला फोन, दुसरीला फोन. मला अर्धंच ऐकू येत होतं. एकदा त्या इतक्या थंड आवाजात बोलल्या की मीच दचकले. "नाही, पत्र नंतर. मला आत्ता हो किंवा नाही सांगा. नाही असेल, तर मी मंडळात नाही." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "राहील. आई पण राहील, आई म्हणूनच. चला."

मी ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडी वळवली. पाहुणीबाईंचा हात मी हातात घेतला होता आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. आपण वेळेत चाललो आहोत, असं मला वाटत होतं, याचं आज हसू येतं आणि लाजही वाटते.

अंगण झाडून झालं होतं. घागरींवरची फळं काढून पोरं झोक्यांखाली खात बसली होती. ती बाई मागच्या बाजूला मोठी पातेली घासत होती. मुलगी तिच्या शेजारी जमिनीवर बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. आई पाण्याला उठली की तीही उठायची, बसली की बसायची, आणि सगळा वेळ तिचं लक्ष आईच्या तोंडाकडे होतं. श्वास चालू आहे का, तेवढंच बघत असावी.

मी सगळं सांगितलं. एका दमात. म्हटलं, "पोर आठेच राही. तिले कोन्ही काढनार नही. आते तू मावशी नही, मायच शे, बठ्ठासना देखत." पाहुणीबाई माझ्या मागे उभ्या होत्या आणि भाषा कळत नसूनही माझ्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या.

बाईने ऐकून घेतलं. हातातलं पातेलं पालथं घातलं. राखेचे हात पाण्यात बुडवले, झटकले, आणि माझ्याकडे वर बघून म्हणाली,

"आते सांगतस, अक्का? मन्हं जेवन त हुई गयं."